नोटरी केलेला करार, संपलेली मुदत आणि फ्लॅट न सोडणारे डॉक्टर

प्रश्न : नेरूळमधला माझा वन बीएचके गुंतवणूक म्हणून घेतलेला आहे. रुग्णालयांत तीन-चार महिन्यांच्या नेमणुकीवर येणाऱ्या डॉक्टर-नर्सना तो मी फर्निचरसकट देते. 10 जूनला एका भूलतज्ज्ञाशी तीन महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना) झाला. दरमहा 34,000 रुपये, डिपॉझिट 68,000. एजंटने 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिला. मुदत 9 सप्टेंबरला संपली. त्यांची नेमणूक वाढली आहे. आता ते म्हणतात, अकरा महिन्यांचं तोंडी ठरलं होतं, भाडं डिपॉझिटमधून वळतं करा. ते नाइट ड्यूटीला गेले की कुलूप बदलू का?

उत्तर : कुलूप बदलू नका. आज बाजू तुमची आहे, कुलूप बदललं की ती त्यांची होईल. कायद्याची रीत सोडून ताबा काढून घेतला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली ते सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतात, आणि त्या दाव्यात फ्लॅट कोणाच्या मालकीचा हे पाहिलंच जात नाही. वीज-पाणीही तोडू नका. भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ची मनाई आहे, आणि हे गृहस्थ स्वतःला भाडेकरूच म्हणवून घेणार.

खरी चूक एजंटच्या कागदात आहे. तीन महिन्यांचं भाडं 1,02,000, त्यात डिपॉझिटवरचं 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 1,700. या 1,03,700 वर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क सुमारे 260 रुपये होतं. म्हणजे 500 च्या स्टॅम्पने शुल्क भागलं, पण नोंदणी राहिली. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. 'अकरा महिन्यांचं तोंडी ठरलं' हे वाक्य म्हणूनच आलं आहे. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

अजून वेळ आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम 23 नुसार सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवता येतो, म्हणजे तुम्हाला 9 ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण दंड भरून, आणि तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जातो. मूळ कागद घेऊन दुय्यम निबंधकासमोर (दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी) दोघांनी जावं लागेल. डॉक्टर का येतील? कारण त्यांना राहायचं आहे. त्यांना सांगा, जुना दस्त नोंदवू आणि पुढचे तीन महिने नव्या नोंदणीकृत करारावर देऊ. नव्या करारात थकबाकीचा आकडा लिहून घ्या. माझ्या मते भांडणापेक्षा हा सौदा तुमच्या जास्त फायद्याचा आहे.

नोंदणीचा जोर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 मध्ये दिसतो. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांचा निकाल देणारा सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने शपथपत्रावर बचावाची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. शिवाय मुदतीनंतरची भरपाई दुप्पट दराने. महिन्याला 68,000, म्हणजे तुमचं अख्खं डिपॉझिट.

ते आलेच नाहीत, तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि पुरावा गोळा करा. त्यांची सही असलेला नोटरी करार, बँकेत जमा झालेले 34,000 चे हप्ते, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सोसायटीला आणि पोलिसांना दिलेली माहिती. नेमणूक-पत्रात तीनच महिने असतील, तर त्याची प्रत सगळ्यांत मोलाची. अर्ज कलम 24 खाली करता येईल, पण नोंदणीशिवाय लेखी करार निर्णायक पुरावा ठरेल असं गृहीत धरू नका.

दरम्यान डिपॉझिटमधून काहीही वळतं करू नका. पैसे आले तर घ्या, मात्र त्याच दिवशी लिहून कळवा : 'मुदत संपल्यानंतरच्या वापराची भरपाई म्हणून, माझे हक्क राखून स्वीकारले.' 'भाडे मिळाले' अशी पावती दिलीत, तर नवीन मुदत दिली असा युक्तिवाद होईल.

पुढच्या वेळी तीन महिन्यांचा करार करूच नका. या क्षेत्रात नेमणुका वाढतातच. सहा महिन्यांचा नोंदवा, त्यांना एक महिन्याच्या नोटिशीने सोडण्याची मुभा द्या, आणि 'नेमणूक वाढली तरी परवाना आपोआप वाढणार नाही' हे लिहा. याच रकमांवर शुल्क सुमारे 520 रुपये, नोंदणी फी शहरी भागात 1,000.

रुग्णालयाच्या कंपनीने स्वतःच्या नावे करार मागितला, तर थांबा. कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) एक कोटी किंवा जास्त असेल, तर कलम 3 मुळे भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही आणि कलम 24 वर विसंबता येत नाही. भाडं कंपनीने भरावं, करार मात्र राहणाऱ्याच्या नावे असावा.

डॉक्टर घर सोडतील त्या दिवशी वीज मीटरचा फोटो घ्या, एसी-गीझरपासून गाद्यांपर्यंतची यादी ताडून पाहा आणि 'ताबा व चाव्या परत दिल्या' असं त्यांच्या सहीने, तारखेसकट लिहून घ्या. डिपॉझिटचा हिशेब त्यानंतर.