कांद्याची पारख: हात कधी खरा, कधी खोटा

मार्केट यार्डात जुने खरेदीदार गोणीत हात घालतात न घालतात तोच भाव बोलतात. ते पाहून भुलू नकोस. नियम दोनतीनच आहेत. माल तळातला बघायचा, वरचा निवडून ठेवलेला असतो. कांद्याची मान, म्हणजे देठाकडचा भाग, अंगठ्याने दाबायची. मऊ लागली की माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या जागेत, टिकणार नाही.

तू रोज १० गोण्यांचा अंदाज आधी वहीत लिही, मग प्रत्येकीतले ४ कांदे उभे चिरून कोंब, सड ताडून बघ. चूक लगेच कळते म्हणूनच हात बसतो. कानमन आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनीही २००९ साली हेच मांडलं. उद्याचा भाव मात्र मनाच्या कौलावर सांगू नकोस. आवक, पाऊस, निर्यातबंदी... तिथे मुरलेलेही फसतात.