शिडी बांधली, तरी मासे का घटले?

धरणाला माशांसाठी शिडी, म्हणजे पायऱ्यांसारखी चढत जाणारी पाण्याची कुंडं असली की स्थलांतराचा प्रश्न सुटतो ना?

अर्धाच सुटतो, तोही मोजक्या माशांचा. ही शिडी मुळात सॅमनसारख्या उसळी मारणाऱ्या माशांसाठी निघाली. एका कुंडातून वरच्या कुंडात 30 सेंटिमीटरची चढण त्यांना जमते, तळालगत पोहणाऱ्या कॅटफिशला ती भिंतच वाटते. शिवाय मासे जोरदार प्रवाहाकडे ओढले जातात आणि तो असतो टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. शिडीचं तोंड तिथून लांब असेल, तर मासे तिथेच घुटमळून दमतात.

खरी गोची परतीची आहे, आणि आराखड्यात तीच विसरली जाते. कित्येक जातींची अंडी वाहत्या पाण्यात तरंगतच उबतात. जलाशयात प्रवाह मंदावला की ती तळाच्या गाळात बसून मरतात. त्यातून वाचलेली पिल्लं टर्बाइनमध्ये शिरली, तर पात्यांचा मार बसतोच. दाब क्षणात उतरल्याने पोटातली हवेची पिशवीही फुटते. यांगत्से नदीवर 1981 मध्ये गेझोबा धरणाने वाट अडवली, तिथे तर शिडीच नव्हती. अंडी घालायच्या जागा वर राहिल्या, चिनी पॅडलफिश हा मासा खाली अडकला. 2022 मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

दरवाजे उघडल्यावर खाली मासे मरून तरंगतात. कुणी विष टाकतं का?

आधी पाणी कुठून सोडलं ते विचारा. सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवा खोल ओढून नेतं आणि दाबामुळे ती पाण्यात विरघळते. पाण्यात एरवी मावते त्या हवेच्या 110 टक्क्यांच्या वर हे प्रमाण गेलं की माशांच्या अंगात बुडबुडे धरू लागतात. मेलेल्या माशाचे पर उजेडात धरा, कल्ले आणि डोळ्यांभोवती पाहा. खोलीच्या दर मीटरला साधारण 10 टक्के संरक्षण मिळतं, म्हणून उथळ पाण्यातले मासे आधी जातात. विसर्ग एकाच दरवाजातून न करता अनेकांतून विभागला तर बराच फरक पडतो.

पाणी तळाच्या विमोचकातून (पाणी बाहेर सोडायच्या वाटेतून) आलं असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर कारण उलटं: प्राणवायूच नाही. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. मोजणी विसर्ग चालू असताना, धरणाच्या पायथ्याशीच करा; दुसऱ्या दिवशीचा नमुना काहीच सांगत नाही.

वर्षभरात पाणी पुरेसं सोडतात, तरीही?

एकूण आकडा फसवा असतो. विजेच्या मागणीनुसार पाणी झटकन चढवलं-उतरवलं, तर काठच्या उथळ्यातली पिल्लं कोरडी पडतात. पातळी तासाला 10 सेंटिमीटरहून जास्त उतरू नये. उन्हाळ्यात अवेळी सोडलेल्या पाण्याने घडियालची वाळूतली घरटी बुडतात. तळाचं थंडगार पाणी आलं, तर उबदार पाण्यात वाढणारे मासे अंडीच घालत नाहीत. वेगवेगळ्या पातळ्यांवरून पाणी उचलणारी विमोचक-मनोऱ्याची सोय हा त्यावरचा उपाय आहे. महाग, पण लागू पडणारा.

शिंपले तर जागचे हलत नाहीत, मग ते का संपतात?

गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. काहींना ठरावीक जातीचाच मासा लागतो. तो वर येईनासा झाला की नवी पिढी थांबते, पण जुने शिंपले दशकानुदशकं जगतात, म्हणून सगळं आलबेल वाटतं. नुसते मोजू नका, लांबीही नोंदवा. सगळेच मोठे निघाले आणि बोटाच्या पेराएवढा एकही सापडला नाही, तर तिथे पैदास कधीच बंद पडली आहे.