माशांच्या हार्मोनवर 110 पेपर असलेले गाईड चांगले समजायचे का?

प्रश्न जालन्याच्या एका वडिलांचा आहे. मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता पीएच.डी.ला ज्या सरांकडे जायचं म्हणते, त्यांच्या बायोडाटात ‘माशांची संप्रेरके आणि प्राणी-शरीरक्रियाशास्त्र, 110 शोधनिबंध’ असं लिहिलंय. हे मोठं काम म्हणायचं का, आणि माशाच्या हार्मोनचा कुणाला काय उपयोग?

उपयोगाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुमच्या बाजारात येणारे रोहू, कटला, मृगळ तळ्यात चांगले वाढतात, मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी टाकत नाही. तिला नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी बीज, म्हणजे माशांची पिल्लं, नदीतून गाळून आणायचे, त्यात नको ते मासेही यायचे. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुळ इथं हिरालाल चौधुरींनी माशाच्या मेंदूखालची पियूषिका ग्रंथी काढली, तिचा अर्क टोचला आणि तळ्यातल्या माशाकडून अंडी घेतली. बाजरीच्या दाण्याएवढी ग्रंथी ती! आज मत्स्यजिरे, बीज, बोटुकली अशी लहान-मोठी पिल्लं जी विकत मिळतात, त्यांचं मूळ तिथं आहे. पुढं कॅनडात रिचर्ड पीटर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की माशाच्या मेंदूतलं डोपामिन पियूषिकेला दाबून धरतं. त्यामुळे हल्लीच्या इंजेक्शनात संप्रेरकासोबत डोपामिन अडवणारं डॉमपेरिडोन असतं. हो, आपण उलटीवर घेतो तेच.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. प्रोलॅक्टिन म्हणजे आपल्याकडे दूध आणणारं संप्रेरक. माशाला कुठलं आलंय दूध? पण ग्रेस पिकफोर्ड यांनी 1959 मध्ये दाखवलं, की पियूषिका काढलेला किलीफिश गोड्या पाण्यात मरतो आणि प्रोलॅक्टिन टोचलं की जगतो. अंगातलं मीठ पाण्यात निघून जाऊ नये, हे काम तिथं ते करतं.

आता 110 चा आकडा. मी संभाजीनगरला याच विषयात पीएच.डी. केली, सध्या कॉलेजात शिकवतो, म्हणून घरातलं सांगतो. आमच्याकडे पेपर पाडायचा एक साचा आहे. कापसावर फवारायचं एक औषध घ्या, एक मासा घ्या, 24, 48, 72, 96 तास ठेवा, यकृतातलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, मोजा. घटलं! पुढच्या पेपरात औषध बदला, त्याच्या पुढच्यात मासा. पहिला पेपर कामाचा असतो. विसाव्यात नवं काय कळलं, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. असल्या दोन पेपरांवर माझंही नाव आहे.

संप्रेरकाचं खरं काम असं झटपट होत नाही, कारण मासा पावसाच्या पंचांगावर चालतो. दिल्लीला सुंदरराज यांनी हेटेरोप्न्यूस्टिस या मिशाळ माशावर काम केलं, त्यातलं वर्ष बघा: फेब्रुवारी ते एप्रिल तयारी, मे-जून अंडी भरणं, जुलै-ऑगस्ट अंडी टाकणं, मग जानेवारीपर्यंत विसावा. एक चक्र म्हणजे एक वर्ष. खात्री करायची तर दुसरं वर्ष. 2012 ला पाऊस दगा देऊन गेला आणि ज्या तळ्यातून मी नमुने आणायचो ते आटलं. माझे सर एवढंच म्हणाले, ‘मासा नाही तर पेपर नाही, पुढचा पाऊस बघ.’ तेव्हा फार राग आला होता.

म्हणून यादीत पेपर मोजू नका. एकाच प्राण्यावर सर किती वर्षं टिकून आहेत ते बघा. आमच्या विद्यापीठात डॉ. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोड्या पाण्यातल्या खेकड्यावर असं काम केलं. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात प्रजननाला आणि कात टाकण्याला आवर घालणारी संप्रेरकं असतात. देठ काढला की आवर सुटतो. कोळंबीच्या हॅचरीत मादीचा एक देठ काढतात तो याचसाठी.

मुलीला एक गोष्ट आवर्जून बघायला सांगा. पेपरात रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलेलं असेल, तर मासा धरल्यापासून किती मिनिटांत रक्त काढलं ते लिहिलंय का? जाळ्यात धडपडला की काही मिनिटांतच कॉर्टिसॉल चढतं. ती वेळच दिलेली नसेल, तर तो आकडा औषधाचा की भीतीचा, कसं ओळखणार?

आणि सरांना भेटायला जुलैत जा. केबिनमध्ये चहा झाला की टाक्या दाखवा म्हणा. पंप चालू आहे का, मासे जिवंत आहेत का, नोंदवहीत कालची तारीख आहे का, एवढं मुलगी पाच मिनिटांत बघेल. सध्याच्या विद्यार्थ्यांशी तिनं एकटीनं बोलावं, तुम्ही तोवर बाहेर थांबा. वडिलांसमोर पोरं खरं बोलत नाहीत.