वेड्या बाभळीला हात लावण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

गावाजवळच्या माळावरची वेडी बाभूळ उन्हाळ्यात जेसीबीने उपटायची आणि पावसाळ्यात तेथे हजार रोपे लावायची, हा तुझा बेत वाचला. त्यामागची तळमळ मला कळते, म्हणूनच घाई करू नकोस, असे लिहितो आहे.

आधी झाड ओळखायला शीक. तू पाठवलेल्या एका छायाचित्रात कडेला उभी आहे ती आपली देशी बाभूळ आहे. तिची फुले गोल, पिवळ्या गोंड्यांसारखी असतात आणि करड्या शेंगा दोन बियांच्या मध्ये आवळल्यामुळे मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. वेड्या बाभळीचा फुलोरा लांबट असतो, शेंग सरळ आणि पिवळसर. जेसीबी चालवणाऱ्याला दोन्हींचे काटेच तेवढे दिसतील, तेव्हा देशी बाभूळ, हिवर, बोर या झाडांना आधीच चुन्याचे पट्टे ओढून ठेव.

मूळचे अमेरिका खंडातले वेड्या बाभळीचे हे झाड आपल्या माळावर जिंकते, त्यात गुराढोरांचा वाटा मोठा आहे. शेळ्या त्याच्या पाल्याला फारसे तोंड लावत नाहीत, पण गोड शेंगा आवडीने खातात. कठीण कवचाचे बी पोटातून धडपणे बाहेर पडते आणि त्याला शेणाचे खतही आयतेच मिळते. शेजारी उगवलेले बोरीचे कोवळे रोप मात्र तीच शेळी कुरतडून टाकते. पवना आणि कुसळी ही गवते वाळून गेलेल्या वैशाखातही वेडी बाभूळ खोल गेलेल्या मुळांमुळे हिरवी राहते, आणि पाऊस पडला की वरच्या थरातली ओल तिची आडवी पसरलेली मुळे गवताच्या वाट्याला पुरती येऊ देत नाहीत. त्यातच तिची सावली आणि खाली साचणारा, इतर बियांच्या उगवणीला मारक ठरणारा पाला यांमुळे ऊन मागणारे गवत विरळ होत जाते.

कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास सुमारे ३१ हजार हेक्टरांवर हीच बाभूळ लावण्यात आली. ती खाऱ्या जमिनीतही तगली आणि नेमून दिलेली हद्द ओलांडून गुरांच्या चराऊ गवतात शिरली. तिथले लोकही तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात.

आम्ही हे काम हाती घेतले तेव्हा पहिल्या वर्षी ती जमिनीलगत कापली होती. पुढच्या पावसाळ्यात एकेका बुंध्यातून आठ-दहा फांद्या फुटल्या आणि जिथे झाड होते तिथे झुडपाची जाळी झाली, कारण तिचे फुटव्याचे डोळे मातीखाली, खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीवर असतात. ती गाठ वीतभर खणून काढावी लागते. दाट जाळीत यंत्र चालेल, पण गवताचे ठोंब शिल्लक असलेल्या जागी ते नेऊ नकोस. तिथे कुदळच बरी.

हजार रोपांचा विचार मात्र तू सोडावास, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मुरमाड, उथळ मातीचा माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. पवना, मारवेल, कुसळी हीच त्याची मूळ वनस्पती आणि चिंकारा, लांडगा आणि धाविक, चंडोल यांसारखे पक्षी हे तिच्या आधाराने राहणारे जीव आहेत. तिथे गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या, रांगा उभ्या केल्यास एक परकी वनस्पती काढून दुसरी लावल्यासारखे होईल.

गावातल्या ज्या बायका याच झाडाचे सरपण नेतात त्यांना विचारल्याशिवाय कामाला हात घालू नकोस. एका वर्षी तिसरा हिस्साच मोकळा कर, म्हणजे त्यांची चूलही अडणार नाही आणि तुलाही मागून येणारी रोपे आवरता येतील. मोकळ्या केलेल्या तुकड्यात निदान दोन पावसाळे चराई बंद ठेव आणि पहिल्या पावसानंतर दर आठवड्याला जुन्या शेणाचे पो तपास. एकाच पोमध्ये दाटीने उगवलेली इवली रोपे दिसतील. ती तेव्हा ओल्या मातीतून दोन बोटांनी मुळासकट निघतात, दिवाळीनंतर त्यांना कुदळ लागते.

तुझा,
सर