वंशवाद, वर्णद्वेष की वंशभेद?

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: '२१ मार्चला वांशिक भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय दिवसाचा कार्यक्रम ठेवलाय. फलकावर "रेसिझम"ला मराठी शब्द कोणता लिहावा? कुणी वंशवाद सुचवतं, कुणी वर्णद्वेष, कुणी वंशद्वेष. आणि "सॉलिडॅरिटी"साठी "एकता" चालेल का? वसतिगृहात मणिपूर-मिझोरामच्या मुली आहेत, त्यांच्यासमोर तो फलक लागणार आहे.'

मॅडम, माझं मत आधी सांगून टाकतो. पहिल्यासाठी 'वंशभेद' लिहा. दुसऱ्यासाठी 'एकता' नको, 'पाठराखण' लिहा. दुसरा शब्द वाचून तुमच्या स्टाफरूममध्ये भुवया उंचावतील, त्याबद्दल पुढं बोलतो.

'वंशवाद' लवकर निकालात काढता येतो. हिंदीत वंशवाद म्हणजे घराणेशाही, आणि हिंदी वाहिन्या ऐकून ऐकून आपल्याकडेही 'राजकारणातला वंशवाद' असं सर्रास बोललं जातं. फलक वाचणाऱ्या निम्म्या मुलांना वाटेल की कार्यक्रम आमदार-खासदारांच्या मुलांवर आहे. शिवाय शेवटी 'वाद' लागला की ती विचारसरणी होते, साम्राज्यवादासारखी. मेसच्या रांगेत ईशान्येकडच्या एखादीला डोळ्यांवरून हिणवत 'चिंकी' म्हणणाऱ्या मुलाजवळ कुठली विचारसरणी असते? त्याला तर आपण काही केलं असंही वाटत नाही.

'वर्णद्वेष' आपल्याकडे रुळला तो दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतून. १९४८ ते १९९४ तिथं जी राजवट होती तिला मराठी वर्तमानपत्रं 'वर्णद्वेषी राजवट' म्हणत, आणि ते बरोबरही होतं, कारण तिथं बसायचा बाकसुद्धा कातडीच्या रंगावरून ठरत होता. तुमच्या कार्यक्रमाची तारीखही तिथलीच. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल इथं पास कायद्याविरुद्ध (काळ्या माणसांना कायम परवाना जवळ बाळगायला लावणारा तो कायदा) जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसं मेली. त्या राजवटीसाठी हा शब्द तसाच राहू द्या. पण आपल्याकडे 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं, आणि शब्दाला भलतेच फाटे फुटतात. दुसरं असं की मणिपूरच्या मुलीला होणारा त्रास रंगावरून होतच नाही. ती तिला हिणवणाऱ्यापेक्षा गोरी असेल. तिच्या डोळ्यांवरून, नाकावरून, 'ही आपली नाही' या समजुतीवरून तो होतो.

रंगाचा भेद आपल्याकडे नाही, असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. मुलगी पाहून आल्यावर आपल्या घरांत काय बोलतात? 'नाकी-डोळी नीटस आहे, पण रंगानं जरा डावी.' या 'डावी'त केवढं साठलंय पाहा. सावळी म्हणायचंसुद्धा धाडस नाही, थेट डावीच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात; तिथल्या सावळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवून घरी यायचं आणि सून मात्र उजव्या रंगाची शोधायची, हे मला लहानपणापासून सलत आलं आहे.

आता 'वंशद्वेष'. हा शब्द जवळ येतो, पण 'द्वेष'पाशी अडतो. का ते सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वी नवी पेठेत चादरी घ्यायला गेलो होतो. शेजारी एक मुलगी घरी पाठवायला चादर बघत होती. मोराचं डिझाइन तिला आवडलेलं दिसत होतं. दुकानदारानं अगदी प्रेमानं, चहा मागवत विचारलं, 'कोणत्या देशाच्या तुम्ही?' ती म्हणाली, 'मणिपूर.' तो म्हणाला, 'म्हणजे इंडियातच येतं ना ते?' दोघंतिघं हसले. तिनं हातातली चादर हलकेच खाली ठेवली. दुकानदाराच्या मनात द्वेष होता का? अजिबात नव्हता. त्याला 'वंशद्वेष्टा' म्हटलं असतं तर तो मनापासून दुखावला असता, आणि त्याच्या जागी तो खराही ठरला असता. पण भेद त्यानं केलाच होता.

शब्द निवडायचा तो इथं. 'द्वेष' मनातला, करणाऱ्यानं नाही म्हटलं की संपला. 'भेद' वागण्यातला, समोरच्याला दिसणारा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून चिडवलं गेलं. त्यातून भांडण झालं, मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना सोसाव्या लागणाऱ्या भेदाचा विचार करायला केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात हसण्यापासूनच झाली होती. फलकावर 'द्वेष' लिहिलात तर हसणारा स्वतःला बाहेर ठेवेल. 'भेद' लिहिलात तर त्याला थोडं थांबावं लागेल.

आणि 'वंश' का ठेवायचा? संस्कृतात वंश म्हणजे वेळू, बांबू. पेरावर पेर चढत वाढणारा, म्हणून पिढ्यांची माळ. मराठीत वंशाचा दिवा, वंशावळ, निर्वंश, सगळीकडे घराण्याचाच अर्थ आहे, म्हणजे जन्माचा. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या ओळीत 'वंश' आहे. हिंदी पाठात तिथं 'मूलवंश' असा शब्द आहे. जात आणि वंश संविधानानं वेगळे लिहिलेत, आपणही ते एकात एक कालवू नयेत. पण माणूस कोण ते त्याच्या जन्मावरून आधीच ठरवून टाकायचं, ही खोड दोन्हीकडे तीच.

वंशभेद ही परदेशातली गोष्ट, असं तुमच्या कार्यक्रमात कुणी म्हणालं तर त्याला आपल्या शहरातला एक पत्ता दाखवा: सेटलमेंट फ्री कॉलनी. इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टखाली काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. पाळण्यातलं पोरही त्या कायद्याच्या लेखी गुन्हेगार जमातीचंच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला आणि त्या जमातींसाठी 'विमुक्त' हा शब्द आला. वस्तीच्या नावातच 'फ्री' असं सांगावं लागावं, याचा अर्थ शेजारी एक बंद वस्ती होती. कुंपण गेलं, तरी पत्ता ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, हे त्या भागातल्या मुलांनी मला सांगितलंय. सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी. तुमच्या वर्गातही त्यांतली मुलं असतील. त्यांनाही व्यासपीठावर बोलवा.

आणि ईशान्येकडच्या मुलांना हिणवायला वापरतात तो 'चिनी' हा शब्द तर सोलापुरात शिवीसारखा निघूच नये. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. या शहरात १९१० साली जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, जखमी सैनिकांची सेवा करता करता तिथंच वारला. तिथल्या लोकांनी त्यांना आपल्यातलं नाव दिलं होतं, 'के दिहुआ'. मुलाचं नाव ठेवलं 'यिनहुआ': यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. परक्याला आपलं म्हणण्याचं काम तिथं एका बाळाच्या नावानं केलं.

आता सॉलिडॅरिटी. 'एकता' सभेत घोषणेपुरती बरी, पण सगळे एकसारखे व्हा असा तिचा सूर निघतो. संविधानाच्या उद्देशिकेतला 'बंधुता' हा शब्द मला फार प्रिय आहे. गंमत नव्हे, दुखणं असं की बोलीत भावाभावांच्या नात्यापासून आपण जो शब्द घडवला तो 'भाऊबंदकी', आणि तिचा अर्थ झाला बांधावरची भांडणं. म्हणून 'बंधुता' अजूनही पुस्तकातच राहिली.

'एकजूट' आपल्या गिरण्यांच्या शहराला चांगली ठाऊक आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात एकाच दिवशी फाशी गेले. ती एकजूट होती. शत्रू चौघांचा एकच होता. पण वसतिगृहातल्या मुलीला बाजारात जे ऐकावं लागतं ते फक्त तिलाच ऐकावं लागतं. बाकीच्यांना त्याची झळ नाही. आपल्याला झळ नसताना दुसऱ्याच्या मागं उभं राहायचं, त्याला मराठीत शब्द आहे 'पाठराखण'. नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती पाठराखीण. परक्या घरात नवरी एकटी पडू नये, एवढंच तिचं काम.

वर्तमानपत्रांनी हा शब्द नासवलाय, मान्य. 'भ्रष्ट अधिकाऱ्याची पाठराखण' असे मथळे रोज येतात. तेवढ्यासाठी चांगला शब्द सोडून द्यायला मी तयार नाही.

त्या दुकानातलं एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यात आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या एक आजी बसल्या होत्या, आयुष्य विड्या वळण्यात गेलेल्या. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळे हसत असताना त्या दुकानदाराला म्हणाल्या, 'मला बी इचारतेत की अजून, मूळचे कुठले म्हून. माझा जन्म हितला, माझ्या आईचा बी हितलाच. आता काय सांगू?' मग त्या मुलीकडं सरकून त्यांनी खाली ठेवलेली चादर उचलली, उलटी करून वीण दाखवली आणि म्हणाल्या, 'ही घे, चांगली हाय.' मी तिथंच उभा होतो, आणि मी काही बोललो नव्हतो.

व्याकरणाचा एक मुद्दाही या शब्दाच्या बाजूनं आहे. 'एकता' एकटी उभी राहते, तिला कोण-कुणाची विचारावं लागत नाही. 'पाठराखण' म्हटलं की लगेच दोन प्रश्न येतात: कुणाची, आणि कोण करणार? म्हणून फलकावर नुसता शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा: 'आम्ही वंशभेद करणार नाही, आणि जिच्या वाट्याला तो येईल तिची पाठराखण करू.' खाली सह्यांना जागा ठेवा. त्या मुलींच्या भाषांतही तेच वाक्य त्यांच्याकडूनच लिहून घ्या, मैतेई, मिझो, जी असेल ती. आणि त्यांचं मराठी अक्षर कच्चं असलं तरी मराठी ओळही त्यांनाच लिहू द्या.