'घरगुती मेस' ही पाटी बदलू का?

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला मी कॉलेजच्या मुलांसाठी दोन वेळची मेस चालवते. दारावर 'घरगुती मेस' अशी पाटी आहे. नववीतली मुलगी म्हणते, "आई, इंग्रजीत मेस म्हणजे पसारा. पाटी बदल, भोजनालय लिही." बदलू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पाटीला हात लावू नका. मुलीनं सांगितलेला अर्थ खरा आहे, पण तो त्या शब्दाचा धाकटा अर्थ. थोरला तुमच्या स्वयंपाकघरातलाच.

लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं. पुढे त्यालाच 'ठेवणं, मांडणं' हाही अर्थ आला. पुढ्यात जे मांडलं, ते जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' झालं आणि १३००च्या सुमारास इंग्रजीत आलं. अर्थ एवढाच : पानात वाढलेलं अन्न. पंधराव्या शतकात एकत्र जेवणाऱ्या मंडळींना, विशेषतः चौघांच्या गटाला, मेस म्हणू लागले. लंडनला बॅरिस्टर होणारे विद्यार्थी असेच चौघं-चौघं जेवायला बसत. गांधीजी १८८८ ते १८९१ तिथं इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेत होते. चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या आणि हे घेत नसत, म्हणून जो तो त्यांना आपल्या चौकडीत ओढायचा. आत्मचरित्रात त्यांनीच हे लिहिलंय. लष्कराची मेस याच वाटेनं आली. साताऱ्याच्या सैनिक स्कूलची पोरं जेवतात ती मेसही त्याच कुळातली.

मग पसारा कुठून आला? अठराव्या शतकात जनावरांपुढच्या कालवलेल्या खाण्यालाही मेस म्हणायला लागले. आपल्याकडे धार काढताना म्हशीपुढं पेंड-भुसा भिजवून आंबोण ठेवतात, तसलं. त्यात काय काय पडलंय ते वेगळं ओळखू येत नाही. त्यावरून कसलीही नकोशी सरमिसळ, आणि एकोणिसाव्या शतकात गोंधळ, मग अस्ताव्यस्त खोली.

'भोजनालय' शब्द चांगलाच आहे. पण तिथं कोणीही येतो, पैसे देतो, जातो. तुमच्याकडं महिना ठरलेला असतो, खाडे धरले जातात, रोज तीच पोरं शेजारी बसतात. एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तुम्ही विचारत असाल, "तो कुठाय रे?" एकत्र जेवणारी माणसं हा जुना अर्थ मला फार मोलाचा वाटतो, आणि तो तुमच्या पाटीवर आहे.

मुलीनं परीक्षेत 'पसारा' लिहिलं तरी चालेल, तेही बरोबरच आहे. फक्त तिला शब्दकोशातली त्या शब्दाची पूर्ण नोंद एकदा वाचायला सांगा.