सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग मुलीला मैदानात पाठवू का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. गेल्या आठवड्यात सरावात पोल डाइव्ह, म्हणजे खांबाकडे सूर मारताना तिचं कपाळ खांबावर आपटलं. बेशुद्ध पडली नाही, पण भांबावली. ‘गडी आऊट झाला का?’ हेच पुन्हा पुन्हा विचारत होती. घरी येताना एकदा उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, विश्रांती द्या. आता सर म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे तर पाठवा, जिल्हा निवड जवळ आलीय. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला हे खेळ हवेतच कशाला! मुलगी म्हणते, मला काही होत नाही. मी रात्री उठून तिला हलवून बघते.
– एक आई, फलटण

उत्तर : ताई, आधी तिला झोपू द्या. तपासणी झालीय, स्कॅन झालाय, आठवडा उलटत आलाय. आता हलवून जागं केल्याने नवीन काही कळत नाही, उलट तिला हवी असलेली झोप मोडते. आणि तुमचीही.

सरांचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. रक्तस्राव झालाय का, कवटीचं हाड मोडलंय का, हे पाहायला सीटी स्कॅन काढतात. तसं काही नाही, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. पण हादरा त्या फिल्मवर दिसतच नाही. तो ओळखतात लक्षणांवरून, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हे त्यातलं ठळक लक्षण. सर क्रिकेट बघत असतील तर त्यांना 2019ची लॉर्ड्स कसोटी आठवेल. इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेला लागल्यावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ त्याच दिवशी परत येऊन खेळला आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्रास जाणवू लागला. त्याच्या जागी लाबुशेन उतरला, पुढची कसोटीही स्मिथला सोडावी लागली. त्या मोठ्या माणसाला थांबवलं, आपली तर तेरा-चौदा वर्षांची पोर आहे. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर दुखणं लांबतं. या वयात क्वचित मेंदूला जीवघेणी सूजही येते.

‘मला काही होत नाही’ यावर फार विसंबू नका. निवड तोंडावर असताना कुठली खेळाडू डोकं दुखतंय म्हणेल? मीही शाळेत खो-खो खेळले आहे, मी नसतं सांगितलं. विचारण्यापेक्षा बघा. उजेडात डोळे बारीक करते का, वाचताना ओळ सुटते का, उगाच चिडते का. वर्गशिक्षिकांनाही लक्ष ठेवायला सांगा.

आधी शाळा, मग मैदान. दिवसभर शाळा करून डोकं दुखत नाही, असं झालं की हलकं पळणं वाढवा. मग एकटीचा सराव, मग संघाबरोबर, पण सूर न मारता. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्या. त्रास पुन्हा सुरू झाला तर एक पायरी मागे. पूर्ण सराव डॉक्टरांनी पुन्हा तपासून लेखी परवानगी दिल्यावरच, आणि सामना सगळ्यात शेवटी. मुलांना यात चार आठवडेही लागतात. निवड हुकली तर हुकली. रडेल, रडू द्या.

डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, हातापायातली शक्ती गेली, एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली किंवा उठवूनही ती नीट जागी होईना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

सासूबाईंशी या महिन्यात वाद नको. खेळ चालू ठेवायचा की नाही हे आत्ता, धास्तीत असताना ठरवूच नका. ती बरी झाली की चहाच्या वेळी सहज सांगा, जानेवारी 2025मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकलेल्या आपल्या मुलींची कर्णधार महाराष्ट्राचीच, प्रियांका इंगळे.

सरांना मात्र आजच भेटा, आणि जाताना यजमानांनाही घेऊन जा. फलटणच्या मैदानांवरचं मला ठाऊक नाही, पण दोघं समोर बसली की सर ‘बघू’ म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. डॉक्टरांची चिठ्ठी मिळेपर्यंत पूर्ण सरावाच्या वेळी ती मैदानावर येईल, पण बाकावर बसून गुण लिहील, एवढं ठरवून या. आणि सूर पुन्हा सुरू होईल तेव्हा खांबाची पकड त्यांनी तिला पहिल्यापासून शिकवावी.